जटा झालेली समोयेड आणि मांडीवरचा उघडा चौकोन : एक प्रकरण अभ्यास

सहा वर्षांची समोयेड (गच्च पांढऱ्या केसांची कुत्र्याची जात) मादी, नसबंदी झालेली, वजन २२ किलो. मी ग्रूमर, म्हणजे कुत्र्यांच्या केसांची निगा राखणारी. माझ्याकडे घरच्यांची मागणी एकच होती: अंगावरचे सगळे केस मशीन मारून काढून टाका. कारणं तीन सांगितली. उन्हाळा सुरू झाला होता आणि ती दिवसभर धापा टाकत होती. घरात जिथे तिथे केसांचे पुंजके फिरत होते. आणि गेल्या काही आठवड्यांपासून कानामागे ब्रश नेला की ती गुरगुरायची. एकदा तिने ब्रशच दातात पकडला होता.

तिन्हींपैकी मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती तिसऱ्या कारणाची. एरवी शांत असणारी कुत्री एका ठरावीक जागी हात लावू देत नसेल तर तिथे दुखतंय, असंच धरून चालावं. तो हट्ट नसतो आणि बिघडलेला स्वभावही नसतो. म्हणून मशीन मारायचं की नाही हा प्रश्न बाजूला ठेवून आधी नुसत्या हातांनी तिचं सगळं अंग तपासलं.

हाताला काय लागलं

वरून पाहिलं तर कोट, म्हणजे अंगावरचे केस, छान दिसत होता. पांढराशुभ्र, फुललेला, पाठीवर चमक. घरी रोज ब्रश होत होता, हे खरंच होतं. पण ब्रश वरच्यावर फिरत होता. दाट दुहेरी कोटात नेमकी हीच फसगत होते. वरचे लांब, राठ केस सुटे दिसतात आणि त्यांच्याखालची मऊ लोकर, म्हणजे अंडरकोट, कातडीलगत दबत जाते. स्टीलचा कंगवा घेऊन पाठीवर केसांच्या मुळापर्यंत घालायचा प्रयत्न केला, तर तो अर्ध्यातच अडकला. ब्रश फिरला म्हणजे केस विंचरले गेले असं होत नाही. कंगवा कातडीपासून टोकापर्यंत न अडकता सरकला तरच विंचरले गेले. दुहेरी कोटाचा कुत्रा घरी असणाऱ्या प्रत्येकाने ही एकच परीक्षा मनाशी ठेवली तरी निम्म्या अडचणी उभ्याच राहणार नाहीत.

तिच्या अंगावर दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि त्या वेगळ्या ओळखणं गरजेचं होतं. पाठ, कुशी आणि मानेभोवतीच्या आयाळीत सुटून पडलेला पण बाहेर न निघालेला अंडरकोट होता. तो दाट आणि कोंदलेला होता, पण केस एकमेकांत अजून विणले गेले नव्हते. योग्य अवजाराने तो सगळा बाहेर येऊ शकत होता. दुसरीकडे दोन्ही कानांच्या मागे, दोन्ही काखांत आणि मागच्या मांड्यांच्या झुपक्यांत खऱ्या जटा होत्या. काखेतल्या जटा हार्नेसच्या पट्ट्याच्या घर्षणाने तयार झालेल्या. कानामागच्या जटा सर्वांत घट्ट, नमद्यासारख्या चपट्या आणि कातडीला खेचून बसलेल्या. तिथलं कातडं एवढं ओढलं गेलं होतं की तिने मान वळवली तरी तिला टोचत असणार.

डाव्या कानामागच्या जटेला वास येत होता. बोटाने कडा जराशी उचलली तर खाली लाल, ओलसर कातडी दिसली. तिथेच ब्रशिंगचा विषय थांबला. जटेखाली ओलावा कोंडला की कातडी मऊ पडते, जिवाणू वाढतात, कुत्रा खाजवतो आणि एका दिवसात नाण्याएवढा डाग तळहाताएवढा होऊ शकतो. हॉट स्पॉट म्हणतात तो हाच. तो ग्रूमरने घरगुती लेप लावून बरा करायचा नसतो.

मांडीवरचा चौकोन

तपासताना उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला हात एकदम सपाट जागेवर गेला. भोवतीचे लांब केस त्यावर पडत असल्याने वरून काही कळत नव्हतं. केस बाजूला केले तर जवळपास तळहाताएवढा चौकोन, त्यावर नुसती विरळ लव. मधोमध टाक्यांची बारीक खूण. चौकशी केली तेव्हा कळलं, सात महिन्यांपूर्वी तिथे तार लागून जखम झाली होती, टाके घालण्यासाठी डॉक्टरांनी तेवढा भाग मशीनने साफ केला होता. जखम कधीच भरली. केस आले नाहीत. घरच्यांना वाटत होतं, जखमेचा व्रण आहे, तिथे केस येणारच नाहीत.

व्रणावर केस नसणं समजू शकतं. पण व्रण बोटभर लांबीचा होता आणि उघडा भाग त्याच्या कितीतरी पट मोठा. शिवाय त्याच्या कडा सरळ होत्या. जिथे जिथे मशीनचं पातं फिरलं होतं, नेमके तिथलेच केस परत आले नव्हते. कातडी निरोगी दिसत होती; खपली, लाली, खाज काही नाही.

या चौकोनाने माझ्यापुरता निर्णय करून टाकला. याच कुत्रीच्या अंगावर मशीन मारलं तर काय होतं, याचा नमुना तिच्याच मांडीवर सात महिन्यांपासून तयार होता.

हे असं का होतं, ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ‘केसच आहेत, परत येतील’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं आणि ते सगळ्या कुत्र्यांना सारखं लागू होत नाही. कुत्र्याच्या कातडीतल्या एकेका छिद्रातून केसांचा गुच्छ निघतो: एक जाड, लांब, राठ केस आणि त्याच्या सोबत बरेच मऊ, आखूड केस. राठ केस पाणी, धूळ आणि ऊन अंगावर येऊ देत नाहीत. मऊ केस हवा धरून ठेवतात. प्रत्येक केसाच्या मुळाला वाढीचा काळ असतो आणि विश्रांतीचा काळ असतो. पूडलसारख्या जातींमध्ये बहुतेक मुळं बहुतेक वेळ वाढीच्या अवस्थेत असतात, म्हणून पूडलचे केस सतत वाढतात आणि नियमित कापावेच लागतात. समोयेड, हस्की, मॅलाम्यूट, चाऊ चाऊ, पोमेरेनियन अशा गच्च कोटाच्या जातींमध्ये उलटं असतं. त्यांची बरीचशी मुळं दीर्घकाळ विश्रांतीत असतात. केस ठरावीक लांबीपर्यंत वाढतो, थांबतो आणि ऋतू पालटून गळेपर्यंत तसाच मुळात टिकून राहतो. विश्रांतीतल्या मुळावरचा केस कापला म्हणून ते मूळ जागं होत नाही. ते आपल्या वेळेने जागं होतं. त्यामुळे मशीन मारलेला भाग सहा महिने, वर्षभर, क्वचित दोन वर्षंही उघडा राहू शकतो. आलेच तर आधी मऊ लोकर येते, राठ केस मागाहून. कधी नव्या केसांचा पोत वेगळा असतो, कधी रंग. पशुवैद्यकात याला पोस्ट-क्लिपिंग अॅलोपेशिया असं नाव आहे.

प्रत्येक समोयेडला असं होईलच असं नाही. अनेकांचे केस मशीननंतर व्यवस्थित परत येतात. पण कोणाचे येतील आणि कोणाचे नाही हे आधी सांगता येत नाही, आणि इथे तर उत्तर समोर दिसत होतं.

डॉक्टरांकडे काय निघालं

पशुवैद्यांकडे तिला दोन कारणांसाठी पाठवलं: कानामागची ओली जखम आणि मांडीवरचा चौकोन. दुसऱ्या कारणाची घरच्यांना गरज वाटत नव्हती. पण मशीन मारलेल्या जागी केस न येणं हे थायरॉइड मंदावल्याचं पहिलं लक्षणही असू शकतं, तसंच कुशिंग्ज नावाच्या संप्रेरकांच्या आजाराचंही. अंगभर केस विरळ होणं, शेपटी उघडी पडणं, वजन वाढणं, सुस्ती, जास्त पाणी पिणं ही लक्षणं नंतर येतात. तिच्यात यातलं काही नव्हतं आणि उघडा भाग एकाच बाजूला होता; संप्रेरकांमुळे केस जातात तेव्हा ते सहसा दोन्ही कुशींवर सारखे जातात. तरीही रक्त तपासून घेणं योग्यच. नुसत्या टी४ वर (थायरॉइडच्या संप्रेरकाच्या रक्तातल्या प्रमाणावर) निष्कर्ष काढत नाहीत, कारण दुसरा एखादा आजार किंवा काही औषधंही टी४ खाली आणतात. म्हणून सोबत फ्री टी४ आणि टीएसएच या थायरॉइडच्याच आणखी दोन तपासण्या केल्या. सगळं प्रमाणात आलं. डॉक्टरांनी चौकोनासाठी वाट पाहायला सांगितली, औषध दिलं नाही.

कानांमध्ये मात्र खरी गोष्ट सापडली. दोन्ही कानांत यीस्टचा (एका प्रकारच्या बुरशीचा) संसर्ग होता. म्हणजे ती महिनाभर तरी कान खाजवत असणार, मागच्या पायाच्या नखांनी कानामागचे मऊ केस पिळले जात असणार आणि त्यातून जटा झाल्या असणार. घरच्यांना ती खाजवताना दिसत होती, पण दाट केसांमुळे खाजवतेय असं त्यांना वाटलं. जटा ब्रश न केल्यामुळेच होतात असं नाही. शरीरावर एकाच जागी वारंवार जटा होत असेल तर त्या जागी कुत्रा चाटतोय का, खाजवतोय का, काही घासतंय का, हे पाहावं. कान बरे न करता नुसत्या जटा काढल्या असत्या, तर त्या लवकरच परत झाल्या असत्या.

उन्हाळ्याचा प्रश्न

घरच्यांचं पहिलं कारण अजून तसंच होतं: तिला गरम होतंय. या बाबतीत दोन्हीकडून अतिशयोक्ती होते, म्हणून मी त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते.

कोट कुत्र्याला थंड करत नाही. ‘दुहेरी कोट म्हणजे नैसर्गिक एसी’ हे बोलणं मला पटत नाही. कोट उष्णतेच्या येण्याजाण्याचा वेग कमी करतो, दोन्ही दिशांनी. उन्हात तो बाहेरची उष्णता कातडीपर्यंत पोचायला उशीर लावतो आणि ऊन थेट कातडीवर पडू देत नाही. समोयेडच्या पांढऱ्या केसांखालची कातडी फिकट गुलाबी असते. केस काढले तर ती भाजते. पण पळून आल्यावर अंगात तयार झालेली उष्णता बाहेर जायलाही हाच कोट उशीर लावतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांत असतात आणि शरीर थंड करण्याचं खरं काम धाप करते. म्हणून केस काढले की आपल्याला जसा वारा लागतो तसा त्यालाही लागेल आणि तो गार होईल, हा हिशेब चुकतो.

कोंदलेल्या कोटाची गोष्ट वेगळी. मेलेला अंडरकोट बाहेर निघाला नाही की कातडीलगत हवा खेळत नाही, ओलावा अडकतो आणि खाज सुटते. तिच्या पाठीवर हेच झालं होतं. तिला कमी केस नको होते, मोकळे केस हवे होते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला अंडरकोट तिच्या अंगातून आपोआप सुटलाच होता. तो फक्त बाहेर काढायचा राहिला होता.

बाकी उन्हाळ्याचं म्हणाल तर फिरणं पहाटे आणि अंधार पडल्यावर, सावली, भरपूर पाणी, गार फरशी. अंग ओलं करायचं असेल तर पोट, मांड्यांची आतली बाजू आणि पंजे; पाठीवर शिंपडलेलं पाणी वरच्या केसांवरच राहतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. धाप थांबतच नसेल, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, चाल डगमगली तर केसांचा विचार सोडून लगेच पाणी ओतत, वाऱ्याखाली ठेवत डॉक्टरांकडे न्यावं. तापमान ४१ अंशांच्या वर गेलं की आतल्या अवयवांना इजा व्हायला लागते.

काय कापायचं, काय नाही

अंगभर मशीन नाही, हे ठरलं. पण ‘दुहेरी कोटाला मशीन कधीच लावायचं नाही’ असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. कानामागच्या जटा विंचरून सोडवायला गेलो असतो तर सुजलेल्या कातडीवर तासभर ओढाताण झाली असती. कशासाठी? तेवढे केस वाचावेत म्हणून? कोटासाठी कुत्र्याला वेदना द्यायच्या नाहीत. त्या जटा आणि ओल्या जखमेभोवतीचे केस डॉक्टरांकडेच, औषध लावता यावं म्हणून, मशीनने काढले गेले. काखेतल्या जटा आमच्याकडे १० नंबरच्या पात्याने काढल्या. ते साधारण दीड मिलीमीटर केस ठेवतं आणि काखेच्या पातळ, सुरकुतणाऱ्या कातडीला त्यातल्या त्यात सुरक्षित असतं. कात्री तिथे नेलीच नाही. जटा कातडीला चिकटलेली असते आणि ओढली की कातडी तंबूसारखी वर येते. कात्रीने त्या कातडीचाच तुकडा कापला जातो, आणि घरी झालेल्या बहुतेक जखमा अशाच असतात.

या जागा काही महिने उघड्या राहू शकतात, मांडीसारख्याच, हे घरच्यांना काम सुरू करण्यापूर्वी सांगितलं आणि त्यांनी ते मान्य केलं.

सगळं अंगच जटांनी बांधलेलं असेल, बोट कुठेच कातडीला लागत नसेल, तर मी स्वतः मशीन मारते. तिथे केस परत येतील का हा प्रश्न दुय्यम आहे. अशा कुत्र्याला नंतर भर उन्हात नेऊ नये आणि बाहेर पडताना अंगात सुती कपडा घालावा. या कुत्रीची तशी अवस्था नव्हती.

मांड्यांच्या झुपक्यांतल्या जटा सुट्या करण्यासारख्या होत्या. त्यांवर गुंता सोडवणारा डिटँगलिंग स्प्रे मारून आधी बोटांनी जटेचे केसांच्या दिशेने उभे भाग पाडले, मग एका हाताने मुळाशी केस दाबून धरत टोकाकडून कंगवा सुरू केला. मुळाशी धरल्यामुळे ओढ कातडीपर्यंत जात नाही. यात वेळ जातो. ती उठली की थांबायचं, परत झोपली की सुरू करायचं, असंच ते काम झालं.

मोकळं करण्याचं काम

अंगभराचं काम कान बरे झाल्यावरच घेतलं. त्याआधी आंघोळ नाही, हे निक्षून सांगितलं होतं. गुंते असताना आंघोळ घातली तर पाणी सुकताना गुंता आवळतो आणि जी जटा बोटांनी सुटली असती ती कापावी लागते. सलूनमध्ये घेऊन जाण्याआधी ‘जरा स्वच्छ दिसावी’ म्हणून घरी आंघोळ घालणारे पुष्कळ असतात. त्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

आधी कोरड्या अंगावर जोरदार वाऱ्याचा ड्रायर, गरम हवा न वापरता. पहिल्यांदा ड्रायर लांब ठेवून नुसता आवाज, मग पंजांवर मंद वारा, मग मागून पुढे. डोक्याकडे नळी नेलीच नाही, कानांवर मऊ पट्टी होती. वाऱ्याचा झोत कातडीशी नेला की केस फुलासारखे उघडतात आणि मेलेली लोकर उडून येते. झोत लांब केसांच्या टोकांवर गोल गोल फिरवला तर उलट नव्या गाठी पडतात, म्हणून नळी सरळ रेषेत.

त्यानंतर लाइन ब्रशिंग, म्हणजे रेघेरेघेने विंचरणं. तिला कुशीवर झोपवून पोटाच्या कडेपासून सुरुवात केली. एका हाताच्या तळव्याने केस वर धरून ठेवायचे, खाली कातडीची रेघ दिसली पाहिजे, आणि त्या रेघेपासून केसांचा पातळ थर स्लिकरने (बारीक तारांच्या ब्रशने) खाली विंचरायचा. तो थर झाला की बोटभर वर नवी रेघ. स्लिकर मनगटातून हलका चालवायचा. एकाच जागी दाबून घासला तर तारांनी कातडी सोलवटते. पाठीवर आणि मानेवर मोठ्या दातांचा अंडरकोट रेक लागला. शेवटी सगळीकडे कंगवा.

घरी एक दातेरी पात्याचं डिशेडिंग अवजार होतं आणि केस गळतात म्हणून ते रोज फिरवलं जात होतं. त्याचा परिणाम पाठीच्या मध्यावर दिसत होता: राठ केसांची टोकं तुटलेली. ते पातं मेलेला केस ओढतं, पण जोराने आणि रोज वापरलं तर जिवंत राठ केसही कापतं. निघालेल्या ढिगाकडे पाहून समाधान वाटतं आणि त्या ढिगात काय काय आहे ते पाहायचं राहून जातं. ते बंद केलं.

आंघोळ सर्वांत शेवटी. कोमट पाणी कातडीपर्यंत पोचायलाच बराच वेळ लागतो, कारण वरचे केस पाणी झटकतात. शाम्पू बाटलीवरच्या प्रमाणात पातळ करून, केसांच्या दिशेने दाबत. चोळला तर गुंते. मग धुणं, वाटतं त्याहून जास्त वेळ. मुळाशी राहिलेला शाम्पू पुढे खाज देतो. पुसताना टॉवेल दाबायचा. ड्रायरने मुळापर्यंत सुकवणं हे या कोटाच्या आंघोळीतलं सर्वांत मोठं काम आहे. वरून सुकलेला कोट आत ओला असतो. हाताची मागची बाजू मुळाशी नेली आणि गारवा लागला तर ती जागा अजून ओली आहे. मानेची आयाळ आणि मांड्या सर्वांत शेवटी सुकल्या.

त्यानंतर

घरची गळती बंद झाली नाही. ती होणारही नव्हती, आणि मशीन मारूनही झाली नसती. तेव्हा आखूड केस गळले असते आणि ते कापडात रुतून बसतात. पण बाहेर पडणारा पुंजका आता घरभर न उडता ब्रशमध्ये येतो. धाप कमी झाली. त्यातलं किती कोट मोकळा झाल्यामुळे आणि किती फिरायची वेळ बदलल्यामुळे, हे मी वेगळं करून सांगू शकत नाही.

घरच्या ब्रशिंगची पद्धत बदलली. पूर्वी रोज अंगभर वरवर होत होतं. आता रोज शरीराचा एकच भाग, पण कातडीपासून आणि शेवटी कंगव्याने तपासून. कानामागे, काखा आणि मांड्या मात्र रोजच पाहायच्या. कानामागे ब्रश आणला की ती अजून डोकं मागे घेते. दुखणं गेलं तरी त्याची आठवण लगेच जात नाही, म्हणून तिथे आधी बोटं, मग खाऊ, मग कंगव्याचा एक हात, एवढ्यावर थांबायचं असं ठरलं आहे.

मांडीवरच्या चौकोनात पुढच्या केसगळतीच्या हंगामात आधी लोकर भरली, मग राठ केस दिसू लागले. मशीन लागल्यापासून तो भाग झाकायला साधारण तेरा महिने गेले. पोत अजून भोवतीच्या केसांहून भरड आहे. डाव्या कानामागचे केस लवकर आले. काखा मात्र अजून आखूडच आहेत, आणि हार्नेस बदलून काखेपासून दूर राहणारा घेतला असला तरी पट्टा सरकतो का, हे पुढच्या भेटीत तिला तो घालून चालवून पाहायचं आहे.